रस्ता गेला, सराई राहिली

वेसाइड इन या जुन्या सराईत मेन्यूकार्डात डोकं घालून मी आत्यासाठी काही शाकाहारी मिळतंय का ते शोधत होते. शेजारच्या टेबलाशी वाढणारी मुलगी तिथल्या पाहुण्यांना सांगत होती की 1955 च्या डिसेंबरात इथे मोठी आग लागली आणि बराचसा भाग नव्याने उभा करावा लागला. आत्या इंग्रजी बोलायला संकोचते, पण तिला समजतं सगळं. तिने डोक्यावरच्या काळपट तुळयांकडे पाहिलं, चुलाण्यासारख्या त्या भल्यामोठ्या फायरप्लेसकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "अगं, जळलं होतं ना हे? मग तीनशे वर्षांचं जुनं कसं म्हणतेस?" मी काहीतरी बोलले. जागा तीच आहे, नकाशे होते, तसंच बांधलं, वगैरे. तिने मान डोलावली आणि पावाला लोणी लावायला घेतलं. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न काही जाईना.

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला मार्लबरोत राहतो. भारतातून कोणी आलं की समुद्र, हार्वर्डचं आवार आणि नायगारा झाल्यावर एक निवांत दुपार उरते, आणि त्या दुपारी आम्ही पाहुण्यांना शेजारच्या सडबरी गावातल्या वेसाइड इनमध्ये नेतो. लालसर रंगाची लाकडी इमारत, समोर जुनी झाडं, ओढ्याकाठी दगडी गिरणी, टेकाडावर पांढरं चर्च. डेव्हिड हाऊ नावाच्या माणसाने 1716 मध्ये इथे वाटसरूंना उतरवून घ्यायचा परवाना काढला आणि त्याच्या चार पिढ्यांनी हे घर चालवलं. आजही इथे जेवण मिळतं, रात्रीच्या मुक्कामाला दहा खोल्या आहेत. आत्याने सगळ्यात जास्त फोटो काढले ते गिरणीचे आणि चर्चचे. तीच दोन्ही या आवारात बरीच मागाहून आलेली. गिरणी 1929 ची, आणि चर्च 1940 चं, 1938 च्या चक्रीवादळात पडलेल्या झाडांच्या लाकडाचं.

घरासमोरचा रस्ता म्हणजे जुना बॉस्टन पोस्ट रोड. 1673 च्या जानेवारीत न्यूयॉर्कहून टपाल घेऊन पहिला घोडेस्वार बॉस्टनकडे निघाला, तेव्हा याला रस्ता म्हणणं धाडसाचं होतं. जंगलातली पायवाट होती, आणि कुठे वळायचं ते झाडांवर खुणा करून ठेवलेलं असायचं. मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळाने 1656 मध्येच ठरवलं होतं की प्रत्येक गावाने वाटसरूसाठी एक उतारघर चालवायचं, नाहीतर दंड भरायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आलेल्या अनोळखी माणसाला छप्पर आणि गरम जेवण मिळणं ही गावाची जबाबदारी, कोणा एकाच्या चांगुलपणावर सोडून द्यायची गोष्ट नव्हे. ही उतारघरं काही रम्य नव्हती. 1704 मध्ये सेरा नाइट नावाची बॉस्टनची एक बाई घोड्यावरून न्यूयॉर्कला गेली. तिच्या रोजनिशीत कडक बिछाने आहेत, घशाखाली न उतरणारं जेवण आहे, आणि पलीकडच्या खोलीत दारू पिऊन मोठमोठ्याने वाद घालणाऱ्या माणसांमुळे झोपेचं झालेलं खोबरं आहे. एका बिछान्यात दोन-तीन अनोळखी पुरुषांनी झोपायचं हा तर सर्रास रिवाज होता. तरीही रात्री कुठेतरी दिवा लागलेला असे, आणि दार ठोठावलं की ते उघडलं जाई.

घोडागाड्या आल्या त्या नंतर. 1783 मध्ये लेव्ही पीझ नावाच्या लोहाराने बॉस्टन ते हार्टफोर्ड अशी नियमित गाडी सुरू केली. आज मोटारीने दोन तासांची वाट, तेव्हा चार दिवस लागत. ठरावीक टप्प्यावर घोडे बदलायचे, आणि बदलायची जागा म्हणजे कुठलं तरी टॅव्हर्न, म्हणजे दारू, जेवण आणि मुक्काम मिळणारी सराई. गाडी यायच्या आधी शिंगाचा आवाज यायचा, आणि तो ऐकून तबेल्यातला पोरगा ताजी जोडी बाहेर काढायचा, आतली बाई मांसाचे तुकडे विस्तवावर चढवायची. टपालाची थैली तिथेच उघडत. पत्रं टेबलावर पसरून ठेवत आणि ज्याचं असेल तो उचलून नेई. वर्तमानपत्र एकच यायचं, त्यामुळे वाचता येणारा मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत. गावच्या सभा इथे, जमिनीचे लिलाव इथे, कवायत झाल्यावर स्वयंसेवक घसा ओला करायला यायचे तेही इथेच. बारचं टेबल एका कोपऱ्यात, आणि त्यावर वरून खाली सोडायची लाकडी जाळी. रात्री जाळी खाली आली की दारू बंद. वेसाइड इनच्या जुन्या बाररूममध्ये अशी जाळी आहे. आत्याने तिला हात लावून पाहिला आणि म्हणाली, आमच्या गावच्या किराणा दुकानाला अशीच होती.

तिच्या त्या वाक्याने मला घाटातलं हॉटेल आठवलं. वडिलांच्या बदल्यांमुळे आमचं लहानपण एसटीत गेलं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गाडी घाट चढून आली की एका हॉटेलाशी थांबायची. कंडक्टर दांडी वाजवून ओरडायचा, "दहा मिनिटं!" आणि ती दहा मिनिटं निदान पंचवीस असायची. इंजिनाचा तापलेला वास, पावसाळ्यात दरीतून वर येणारं धुकं, स्टीलच्या ताटलीत बटाटेवडा आणि तळलेली मिरची, तिच्यावरचं मीठ बोटांना लागायचं. ड्रायव्हर-कंडक्टर आतल्या वेगळ्या टेबलावर जेवायचे. आम्हाला वाटायचं ते मालकाचे नातेवाईक आहेत. 2002 मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि गाड्या तिकडून जायला लागल्या. काही वर्षांनी आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्याने गेलो तर हॉटेलचं शटर अर्धवट ओढलेलं होतं आणि पायरीवर गवत उगवलेलं. कोणी भांडलं नव्हतं, कोणी बंद पाडलं नव्हतं. गाड्या यायच्या थांबल्या, एवढंच.

पोस्ट रोडवर हेच 1835 मध्ये झालं.

त्या वर्षी बॉस्टन-वुस्टर रेल्वे पूर्ण झाली आणि तिचे रूळ सडबरीला वगळून दक्षिणेच्या गावांतून गेले. पुढच्या काही वर्षांत घोडागाड्या एकेक करून बंद पडल्या. या रस्त्यावरची कितीतरी टॅव्हर्नं साधी राहती घरं झाली. काही आजही उभी आहेत. दाराशेजारी छोटी पांढरी पाटी, तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव आणि साल. आत कुठे दाताचा दवाखाना असतो तर कुठे विम्याचं ऑफिस. हाऊ घराण्याचा शेवटचा पुरुष लायमन हाऊ, अविवाहित, 1861 मध्ये वारला आणि इथला धंदाही थांबला. एरवी ही गोष्ट इथेच संपायची. पण 1862 मध्ये कवी लाँगफेलो हे घर बघून गेला आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या कवितांचं पुस्तक आलं. या सराईत शेकोटीभोवती बसलेली माणसं एकेक गोष्ट सांगतात, अशी त्याची मांडणी. पुस्तक घरोघरी गेलं आणि लोक ती शेकोटी शोधत यायला लागले. तोवर हे हाऊंचं टॅव्हर्न होतं, किंवा रेड हॉर्स. वेसाइड इन हे नाव कवितेतून आलं. या घराची पहिली डागडुजी कवितेने केली असं मला मनापासून वाटतं. सुतार-गवंडी मागून आले. 1897 मध्ये एडवर्ड लेमन या लोकरीच्या व्यापाऱ्याने ते विकत घेऊन पुन्हा पाहुणे उतरवायला सुरुवात केली.

मग आला हेन्री फोर्ड. 1923 मध्ये त्याने सराई घेतली आणि आजूबाजूची हजारो एकर जमीनही, म्हणजे शेजारी काही भडक उभं राहायला नको. तोवर समोरच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागलेली, आणि त्यातल्या कितीतरी त्याच्याच कारखान्यातल्या. धक्क्यांनी घराला हादरे बसतात म्हणून फोर्डने स्वतःच्या पैशाने वळणरस्ता बांधला आणि तो राज्याच्या स्वाधीन केला. आज आम्ही ज्या रूट 20 वरून भाजी आणायला जातो, त्याचा सडबरीतला तुकडा हाच. सराईसमोर आता गाड्यांचा आवाज नाही. झाडांतून वारा ऐकू येतो, गिरणीचं पाणी ऐकू येतं. इथे आलं की मला शांत वाटतं, आणि शांत वाटलं की लगेच आतून काहीतरी टोचतं. वाटसरूंसाठी बांधलेलं घर वाचवण्यासाठी वाटच दूर नेली. इथे आता कोणी वाटेत म्हणून थांबत नाही. इथे ठरवून यावं लागतं, आमच्यासारखं, पाहुण्यांना घेऊन, टेबल राखून.

आत्या परत गेल्यावर मी एकटीच वेस्टन गावातल्या गोल्डन बॉल टॅव्हर्नला गेले. हे त्याच जुन्या रस्त्यावर, बॉस्टनच्या आणखी जवळ. आयझॅक जोन्सने ते 1768 मध्ये बांधलं, 1793 पर्यंत टॅव्हर्न म्हणून चालवलं, आणि पुढे 1960 च्या दशकापर्यंत त्याचे वंशज तिथेच राहिले. आता संग्रहालय आहे. सांभाळणाऱ्यांनी ठरवलं की घर 1768 सालात परत न्यायचं नाही. प्रत्येक पिढीने जे बदल केले ते तसेच ठेवायचे. म्हणून एका भिंतीवर वॉलपेपरचे थर एकाखाली एक दिसतात, रंगाच्या खपल्यांतून आधीचा रंग डोकावतो, जुन्या फायरप्लेसपुढे कधीतरी बुजवल्याची खूण आहे. मला हे फार आवडलं. घराला जगल्याची लाज वाटत नव्हती.

आणि या घरात जे घडलं ते तर मी आता भेटेल त्याला सांगत असते. 1773 मध्ये ब्रिटिशांच्या कराविरुद्ध बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवला गेल्यावर या भागात चहा पिणं हा ब्रिटिश राजाशी निष्ठेचा पुरावा झाला होता. जोन्स चहा विकायचा. 1774 च्या मार्चमध्ये जमावाने त्याच्या टॅव्हर्नवर हल्लाही केला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत बॉस्टनमधल्या ब्रिटिश सेनापतीने, जनरल गेजने, दोन अधिकाऱ्यांना, कॅप्टन ब्राउन आणि एन्साइन डी बर्निअरला, वेष पालटून या रस्त्याची टेहळणी करायला धाडलं. खेडुतांसारखे तपकिरी कपडे, गळ्यात तांबडे रुमाल. वॉटरटाउनला ते ब्रूअरच्या टॅव्हर्नमध्ये जेवायला बसले. वाढणारी कृष्णवर्णीय बाई त्यांना निरखत होती. आपला मुलुख छान आहे, असं ते तिला म्हणाले. छानच आहे, आणि त्याचं रक्षण करायला शूर माणसंही आहेत, पुढे गेलात तर दिसतील, असं तिने ऐकवलं. तिने ब्राउनला बॉस्टनमध्ये पाहिलेलं होतं. वेषांतर तिथेच संपलं. हादरलेले दोघं वेस्टनला जोन्सकडे पोचले आणि त्यांनी कॉफी मागितली. जोन्स म्हणाला, चहा हवा तर चहा, कॉफी हवी तर कॉफी. आपण कोणाच्या घरात आलो आहोत ते त्यांना त्या एका वाक्यात कळलं.

पुढे ते वुस्टरपर्यंत गेले आणि परतताना बर्फाच्या वादळात मार्लबरोला, म्हणजे आमच्या गावात शिरले. गावकऱ्यांना वास लागला. ज्या घरात ते होते तिथे चौकशीला माणसं येणार हे कळताच ते मागच्या वाटेने निसटले, रानात शिरून कोरडा पाव बर्फाबरोबर खाल्ला आणि घोट्यापर्यंतच्या बर्फातून मैलोन्‌मैल तुडवत रात्री पुन्हा जोन्सच्या दाराशी आले. त्याने त्यांना मसाला घालून गरम केलेली माडेरा वाइनची बाटली दिली. दोन महिन्यांनी, 19 एप्रिलला, सडबरीची फौज काँकॉर्डला ब्रिटिशांवर चालून गेली तेव्हा तिच्यात आघाडीवर होता इझिकिएल हाऊ, वेसाइड इनचा तेव्हाचा मालक. एकाच रस्त्यावरची दोन घरं, दोन बाजूंची. अंधारात, बर्फात, कुठलं दार ठोठवायचं यावर माणसाचा जीव अवलंबून होता. जोन्स पुढे काही वर्षांत ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांच्या फौजेसाठी मालाची ने-आण करू लागला, म्हणजे त्याचंही मन किंवा हिशेब बदलला.

मला सारखी आठवते ती वॉटरटाउनची बाई. डी बर्निअरच्या अहवालात तिचं बोलणं आहे, नाव नाही. तिने ताट पुढे ठेवता ठेवता दोन हेर ओळखले. या रस्त्यावर कर्नलांच्या नावाच्या पाट्या आहेत, वॉशिंग्टन इथून गेला त्याची नोंद आहे. पण टॅव्हर्न चालायचं ते पाणी भरणाऱ्या, चादरी धुणाऱ्या, मध्यरात्री उठून चूल पेटवणाऱ्या हातांवर, आणि त्यांत मॅसॅच्युसेट्समध्येही गुलाम माणसं होती. जतन करताना आपण दर्शनी खोल्या आधी वाचवतो. मागची मोरी, सैपाकघरातून वर जाणारा अंधारा जिना, माळ्यावरची नोकरांची झोपायची जागा, यांची पाळी शेवटी येते, आणि तोवर बहुतेक वेळा पैसे संपलेले असतात. गोल्डन बॉलमध्ये मला त्या मागच्या बाजूला सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

म्हणून आत्याच्या प्रश्नाकडे मी पुन्हा पुन्हा येत राहिले. गोल्डन बॉलमध्ये लाकूड खरं आहे, चुना खरा आहे, पण दोनशे वर्षांहून जास्त काळ तिथे कोणी वाटसरू उतरलेला नाही. वेसाइड इनमधलं बरंचसं आगीनंतरचं, फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून उभं राहून 1958 मध्ये उघडलेलं. पण तिथे आजही सैपाकघरातून गरम वाफ येते, कोणीतरी खोलीची किल्ली घेतं, सकाळी कोणीतरी चादरी बदलतं. उतरलेले लोक फळ्यांच्या फटीत आणि फर्निचरच्या चोरकप्प्यांत पुढच्या पाहुण्यांसाठी चिठ्ठ्या लिहून ठेवतात. गोल्डन बॉलवर माझा जीव जडलाय. पण दोन्हींतलं एकच राखायचं म्हणाल तर मी वेसाइड इन राखेन. सराईचं जुनेपण तिच्या कामात असतं. तुळई बदलली तरी चालेल, येणाऱ्याला वाढणं थांबता कामा नये. घाटातल्या त्या हॉटेलची इमारत अजून उभी असेलही. पण तिथे कोणी ताटली पुढे करत नसेल, तर माझ्या लेखी ते गेलंच.

आणि एकदा असं पाहायला लागल्यावर मला रूट 20 वरची मोटेलं दिसायला लागली. एकमजली, दारापुढे गाडी लावायची सोय, बाहेर जागा आहे-नाही सांगणारा लाल दिवा. फोर्डच्या मोटारींनी आणलेली ही नवी टॅव्हर्नं, आणि अमेरिकाभर त्यांतली कितीतरी गुजराती कुटुंबांनी चालवली. आमच्याकडे लग्नाला माणसं आली होती तेव्हा घरात जागा पुरेना म्हणून काहींना अशाच एका मोटेलमध्ये उतरवलं. रात्री उशिरा सोडायला गेले तर काउंटरमागच्या दारातून फोडणीचा वास आला. मालकीणबाईंचं घर तिथेच, एका पडद्याआड. मुलं त्या काउंटरवर अभ्यास करत मोठी झाली, आता एक फार्मासिस्ट आहे आणि एक कॅलिफोर्नियात. हाऊ मंडळीही अशीच आपल्या पाहुण्यांच्या घरात राहायची. मी बाईंना विचारलं, पुढे कोण चालवणार? "कोई नहीं," त्या म्हणाल्या. जागा एका बिल्डरने मागितली आहे, फ्लॅट होणार आहेत. जुनी रजिस्टरं अजून ठेवली आहेत का, असं विचारलं तर त्यांनी खालचं कपाट दाखवलं. जाड पुठ्ठ्याच्या वह्या, वेगवेगळ्या शाईतली नावं, गाड्यांचे नंबर, कुठून आले आणि कुठे चालले. ट्रकवाले, पूल बांधायला आलेले मजूर, घरातून निघून आलेली एक बाई जी तीन महिने राहिली आणि जिच्याकडून त्यांनी शेवटच्या महिन्याचे पैसे घेतले नाहीत.

मी गावच्या इतिहास मंडळाला पत्र लिहिलंय. 1716 ची परवान्याची कागदपत्रं जपणाऱ्या लोकांनी या वह्याही घ्याव्यात, काउंटरचे आणि त्या पडद्यामागच्या सैपाकघराचे फोटो काढून ठेवावेत, आणि बाईंचं बोलणं त्यांच्या भाषेत रेकॉर्ड करावं, असं त्यात म्हटलंय. उत्तर अजून आलेलं नाही. व्यवहार पूर्ण व्हायच्या आत आलं नाही तर वह्या माझ्याकडे आणायचं बाईंशी बोलून ठेवलंय, आणि त्यांच्याशी बोलायला मी या रविवारपासून जाणार आहे.